डोळ्यांची तपासणी आणि विम्याचे कार्ड

‘वय झाले, आता दिसायचे कमीच,’ असे म्हणून डोळ्यांच्या तक्रारी घरोघरी सोसल्या जातात. मोतीबिंदूत झालेला विलंब शस्त्रक्रियेने बहुधा भरून निघतो. काचबिंदूत मात्र गेलेली दृष्टी परत येत नाही, आणि आरंभी तो दुखत-खुपतही नाही. म्हणून साठी ओलांडलेल्यांनी, मधुमेहींनी तर अवश्य, वर्षातून एकदा डोळे तपासून घ्यावेत.

जावे कोणाकडे? ऑप्टोमेट्रिस्ट दृष्टी तपासतो, चष्म्याचा नंबर काढतो आणि शंका आल्यास पुढे पाठवतो. रोगाचे निदान, उपचार व शस्त्रक्रिया हे नेत्ररोगतज्ज्ञाचे काम. केवळ नंबर काढून घेतला म्हणजे डोळे तपासले असे नव्हे. डोळ्यांतील दाब आणि दृष्टिपटल पाहिले का, हे विचारावे. जिंतूर, पालम वा सोनपेठकडील ज्येष्ठांनी प्रथम जवळच्या शासकीय रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी कोणत्या वारी असतात, याची चौकशी करावी. परभणीच्या जिल्हा रुग्णालयाची फेरी त्यानंतर ठरवावी. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास धूसर दिसते, तेव्हा सोबतीला कोणीतरी हवेच. अचानक दिसेनासे झाले, तर मात्र वार पाहत बसू नये. त्याच दिवशी तज्ज्ञ गाठावा.

आता खर्चाचा विचार. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकास, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्ड काढता येते. त्याखाली वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. परंतु ते रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण तपासणी व चष्मा त्यात येत नाही. शिवाय योजनेत नाव असलेले प्रत्येक रुग्णालय प्रत्येक उपचारासाठी मान्य असतेच असे नाही. म्हणून ‘कार्ड चालते का?’ एवढेच न विचारता, ‘डोळ्यांची ही शस्त्रक्रिया येथे योजनेत होते का?’ असे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारावे. १४५५५ या क्रमांकावरही चौकशी करता येते. अंधत्व निवारणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होते, हेही लक्षात असू द्यावे.

खासगी विमा असल्यास कंपनीला तीन गोष्टी विचाराव्यात: मोतीबिंदूसाठीचा प्रतीक्षाकाळ संपला आहे का (बहुतेक पॉलिसींत तो दोन वर्षांचा असतो), एका डोळ्यामागे किती रकमेची मर्यादा आहे, आणि निवडलेले रुग्णालय कॅशलेस यादीत आजही आहे का. कृत्रिम भिंग महागडे निवडल्यास वरचा खर्च कोणी सोसायचा, हेही आधीच ठरलेले बरे. उत्तर शक्यतो लेखी घ्यावे.

घरातील काळजीवाहकाने एका पिशवीत आधार व विम्याचे कार्ड, जुना चष्मा, आधीचे कागद आणि चालू औषधांची यादी तयार ठेवावी. चौकशीचे दोन फोन घरूनच केले, तर म्हाताऱ्या माणसाची एक निष्फळ फेरी वाचते. आणि बऱ्याचदा पुन्हा जाण्याचा कंटाळाच उपचारांच्या आड येत असतो.