फांद्या तोडल्या, मुळांचे काय?

१ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने ‘संघटित गुन्हेगारी’ हा साऱ्या देशासाठी स्वतंत्र अपराध ठरविला. महाराष्ट्रास ही कल्पना नवी नाही; टोळ्यांचा पुरेपूर अनुभव घेतल्यावर येथे १९९९ सालीच ‘मकोका’ झाला होता. टोळीचा गुन्हा हा एकट्यादुकट्या माणसाचा गुन्हा नव्हे, हे तत्त्व कायद्यास उमगले. नागरिकांस ते कितपत उमगले आहे?

टोळी म्हणजे चार गुंडांचा जमाव, अशी आपली समजूत असते. वस्तुतः ती एक पेढीच असते. शिखरावर भांडवल आणि हुकूम; मध्ये खंडणी वसूल करणारे, शस्त्रे पुरविणारे, हवाल्याने पैसा फिरविणारे हस्तक; आणि तळाशी हाती पिस्तूल दिलेला एखादा बेकार तरुण. सुपारी मूळ कोणाची, हे त्याला पुष्कळदा ठाऊकही नसते. तो पकडला गेला अथवा चकमकीत मारला गेला, तर पेढीचा एक नोकर कमी होतो; पेढी बुडत नाही. म्हणूनच चकमकींवर टाळ्या पिटणाऱ्यांशी आमचा मतभेद आहे. २००६ सालची मुंबईतील एक चकमक बनावट होती, असे सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये आणि उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ठरविले. अशा मार्गाने कायद्याचीच अप्रतिष्ठा होते, आणि हुकूम देणारा मात्र सुखरूप राहतो.

या पेढीला गिऱ्हाईक कोण पुरवितो? मुंबईचा इतिहास याचे उत्तर देतो. दारूबंदीने हातभट्टीला आणि सोन्यावरील निर्बंधांनी चोरट्या आयातीला बरकत आणली. वरदराजन आणि हाजी मस्तान ही नावे त्याच काळात गाजली. १९९० साली सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द झाला. पण टोळ्या संपल्या नाहीत. खंडणी आणि जागांचे व्यवहार यांकडे त्यांनी अधिकाधिक मोर्चा वळविला. चोरट्या मालाची वाट किती घातक असते, हे १९९३ साली दिसले. रायगडच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली आणि १२ मार्च रोजी मुंबईत २५७ माणसे प्राणास मुकली. त्या खटल्यात सीमाशुल्क खात्याचे अधिकारीही दोषी ठरले. विकाऊ अधिकाऱ्यावाचून टोळीचे पान हलत नाही.

पण दोष केवळ सरकारी कचेऱ्यांच्या माथी मारून आपणांस मोकळे होता येणार नाही. दिवाणी दावा वर्षानुवर्षे रेंगाळतो, तेव्हा भाडेकरू हुसकण्यासाठी किंवा थकलेले येणे वसूल करण्यासाठी ‘भाई’चे दार ठोठावणारा मनुष्य नेहमीच अडाणी नसतो; तो पांढरपेशाही असतो. आज तो ‘भाई’चा आश्रित होतो, उद्या त्याच्याच दारी खंडणीचा निरोप येतो, आणि तेव्हा तक्रार करण्याचे नैतिक बळ त्याने आधीच गमावलेले असते.

तेव्हा उपाय बंदुकीत नाही. पैशाचा माग काढून मालमत्ता जप्त करणे, साक्षीदारांस अभय देणे आणि दिवाणी दावे वेळेत निकाली काढणे, ही कामे सरकारची व न्यायसंस्थेची आहेत. ‘भाई’च्या दाराकडे पाठ फिरविणे, हे काम मात्र आपले आहे. न्यायालयाचे दार उशिरा उघडते म्हणून दुसरे दार शोधणारा समाज टोळ्यांविरुद्ध कितीही ओरडला, तरी त्यांच्या मुळांना पाणी तोच घालीत असतो.