बरे झाले, म्हणजे काय झाले?

2021 च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेत रोज सायंकाळी ‘बरे होऊन घरी परतलेल्यां’चा आकडा जाहीर होत असे. त्या आकड्यात आमच्या तालुक्याच्या बाजारपेठेतील एक हमालही होते. सतरा दिवस प्राणवायूवर काढून ते घरी आले व शासनाच्या लेखी बरे झाले. परंतु पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणे हीच ज्याची उपजीविका, त्याला घराचा जिना चढताना दोनदा बसावे लागत असेल, तर तो बरा झाला हे कोणी ठरवावयाचे?

विषाणुजन्य न्यूमोनियाच्या तीव्र आघातानंतर फुप्फुसे सावरण्यास कित्येक महिने लागतात. अंथरुणावर हातापायांचे स्नायू झडलेले असतात. दम लागेल या भीतीने रोगी बसून राहतो आणि बसून राहिल्याने अधिकच दुबळा होतो. हे चक्र तोडण्याची रीत म्हणजे श्वसन-पुनर्वसन : जाणत्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, आठवड्यातून दोनतीनदा, सहा ते बारा आठवडे, पायरीपायरीने वाढविलेले चालणे, स्नायूंचे व्यायाम आणि श्वासाचे शिक्षण. ते सर्वांना सरसकट लागू नाही. काहींना श्रमाने उलट त्रास वाढतो, आणि फुप्फुसावर पडलेला व्रण व्यायामाने पुसला जात नाही. पण याला लागते काय? तीस मीटरचा व्हरांडा, सहा मिनिटांत माणूस किती चालतो हे मोजण्यासाठी घड्याळ, बोटाला लावण्याचा ऑक्सिमीटर, एक खुर्ची आणि एक शिकलेला माणूस. व्हेंटिलेटरच्या लोकार्पणाची छायाचित्रे निघतात. व्हरांड्यात चालणाऱ्या हमालाचे कोण काढणार?

1978 च्या आल्मा-आटा जाहीरनाम्याने प्राथमिक आरोग्यसेवेत पुनर्वसनाचा स्पष्ट समावेश केला होता. आपल्या विमायोजनांची बांधणी मात्र रुग्णालयातील खाटेभोवती झाली. खाट सुटली की जबाबदारीही सुटली.

तरीही माझ्या मते खरा प्रश्न मजुरीचा आहे. आमच्या या हमालांना जिल्ह्याच्या गावी व्यायामासाठी बोलाविले होते. तेथील मंडळींनी आस्थेने शिकविले. पण प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेला दिवस आणि वर एस. टी. चे भाडे. तीन खेपांनंतर ते गेले नाहीत. कामगार विमा योजनेतील कामगाराला आजारपणात वर्षाकाठी 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के भत्ता मिळतो. यांची कोठेच नोंद नव्हती. अशा माणसाला विश्रांतीचा सल्ला देणे ही एक प्रकारची थट्टाच होय.

‘खेड्यात साधा डॉक्टर नाही आणि तुम्ही फुप्फुसांच्या व्यायामाचे काय घेऊन बसलात?’ असे आपलेच काही साथी म्हणतील. आक्षेप खोटा नाही. पण चाळिशीतील श्रमिक कायमचा दुबळा झाल्याची किंमत कोणाच्याच अर्थसंकल्पात दिसत नाही, म्हणून ती शून्य ठरत नाही. ती त्याच्या घरातून वसूल होते. 1969 च्या माथाडी कायद्याने मालकाकडून मजुरीवर लेव्ही घेऊन मंडळामार्फत कामगाराला संरक्षण देण्याचा मार्ग महाराष्ट्रात घालून दिलेला आहे. त्याच धर्तीवर आठ आठवड्यांचा पुनर्वसन-भत्ता मागता येईल. मंडळाबाहेर राहिलेल्यांचा भार शासनाने उचलावा. व्यायामाला हजेरी लागली की भत्ता, आणि व्यायाम तालुक्याच्याच रुग्णालयात.

ते गृहस्थ आज एका गोदामावर रात्रीचे पहारेकरी आहेत. पगार हमालीच्या निम्मा आहे. थोरल्या मुलीचे कॉलेज त्याच वर्षी सुटले.