विश्लेषण : गाडीच्या स्क्रीनवर दिसणारं मायलेज किती खरं? ई२० च्या वादात हा आकडा पुरावा ठरतो का?

डॅशबोर्डचा फोटो, त्यावर मायलेजचा आकडा आणि खाली दोन-चार संतापाच्या ओळी. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात अशा पोस्टनी सोशल मीडिया भरून गेला होता. निमित्त होतं ई२० पेट्रोलचं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं. गाडीचं मायलेज घसरल्याची अनेकांची तक्रार होती, आणि पुरावा म्हणून पुढे केला जात होता तो स्क्रीनवरचा आकडा. उलट बाजूने, काहीच फरक पडला नाही असं सांगणारेही आपापल्या स्क्रीनचेच फोटो टाकत होते.

पण हा आकडा येतो कुठून? तो किती अचूक असतो? आणि ‘अजून ३२० किमी जाईल’ असं सांगणारी गाडी अर्ध्या तासात २६० वर कशी येते?

स्क्रीनवरचं मायलेज मोजलेलं असतं का?

बहुतेक गाड्यांमध्ये नाही. ते हिशोबाने काढलेलं असतं.

इंजिनात पेट्रोल किंवा डिझेल सोडण्याचं काम इंजेक्टर करतात. प्रत्येक इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे गाडीचा इंजिन कंट्रोल युनिट, म्हणजे ईसीयू, ठरवतो. इंजेक्टर किती वेळ उघडा होता आणि इंधनाचा दाब किती होता, यावरून किती इंधन गेलं असावं याचा अंदाज बांधला जातो. गाडी किती अंतर चालली हे चाकांच्या किंवा गिअरबॉक्सच्या सेन्सरवरून कळतं. अंतराला इंधनाने भागलं की स्क्रीनवर मायलेज दिसतं.

यात प्रत्येक पायरीवर थोडी थोडी चूक शिरू शकते. इंजेक्टर जुना झाला किंवा त्यात कचरा साचला, तर तेवढ्याच वेळात कमी-जास्त इंधन जातं. टायर झिजला की त्याचा घेर कमी होतो, तेवढंच अंतर कापायला चाक जास्त फिरतं आणि गाडीला वाटतं आपण जास्त चाललो. कंपनीने ठेवलेल्या टायरऐवजी मोठे टायर बसवले तर याच्या उलट होतं.

ही चूक साधारण किती असते?

अमेरिकेतील ‘ट्रिपल ए’ या वाहनचालकांच्या संघटनेने हे प्रयोगशाळेत तपासलं होतं. गाड्या रोलरवर चालवून प्रत्यक्ष लागलेलं इंधन आणि स्क्रीनवरचा आकडा यांची तुलना केली गेली. सरासरी फरक २.३ टक्के निघाला, म्हणजे तसा कमी. पण एकेक गाडी पाहिली तर चित्र वेगळं होतं. एका गाडीची स्क्रीन मायलेज ६.४ टक्के वाढवून सांगत होती, तर दुसरी २.८ टक्के कमी सांगत होती.

युरोपीय संघाने यासाठी नियमच केला आहे. २०२१ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल-डिझेल गाड्यांमध्ये इंधनाचा खप नोंदवणारी यंत्रणा असावीच लागते, आणि तिची चूक ५ टक्क्यांच्या आत असावी लागते. या नोंदींचा उपयोगही झाला. २०२४ मध्ये युरोपीय आयोगाने रस्त्यावरच्या गाड्यांची माहिती जाहीर केली, तेव्हा पेट्रोल-डिझेल गाड्यांचं प्रत्यक्ष उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त असल्याचं दिसलं. चार्जिंग आणि पेट्रोल दोन्हींवर चालणाऱ्या प्लग-इन हायब्रिड गाड्यांमध्ये तर ते सरासरी साडेतीन पट होतं.

मग ‘एआरएआय मायलेज’ म्हणजे काय?

जाहिरातीत दिसणारं मायलेज आणि स्क्रीनवरचं मायलेज यांत गल्लत होते. जाहिरातीतला आकडा अधिकृत चाचणीचा असतो. पुण्यातील एआरएआयसारख्या संस्थांमध्ये गाडी रोलरवर, ठरलेल्या वेगाने आणि ठरलेल्या वेळापत्रकानुसार चालवली जाते. या भारतीय चाचणीचक्रात कमाल वेग ताशी ९० किमी असतो. तिथे सिंहगड रोडची संध्याकाळ नसते, खड्डे नसतात, मागच्या सीटवर तीन माणसं नसतात. त्यामुळे हा आकडा दोन गाड्यांची तुलना करायला ठीक, पण तो घरच्या बजेटमध्ये धरला की फसगत होते.

स्क्रीनवरचा आकडा तुमच्या गाडीचा आणि तुमच्या रस्त्याचा असतो. म्हणून तो जाहिरातीपेक्षा वास्तवाच्या जवळ असतो. पण तो कंपनीच्या सॉफ्टवेअरचा हिशोब आहे, हे विसरून चालत नाही.

‘रेंज’ एवढी वर-खाली का होते?

मायलेज निदान झालेल्या प्रवासाचा हिशोब असतो. रेंज मात्र पुढच्या प्रवासाचं भाकीत असतं. टाकीत किती इंधन उरलंय आणि गाडीने अलीकडे किती मायलेज दिलंय, या दोन गोष्टींचा गुणाकार म्हणजे रेंज.

समजा टाकीत २० लिटर पेट्रोल आहे. हायवेवर गाडी १८ चं मायलेज देत असेल, तर स्क्रीन ३६० किमी दाखवेल. तीच गाडी शहरात शिरली, सिग्नलला अडकली आणि मायलेज ११ वर आलं, तर तेवढ्याच पेट्रोलमध्ये रेंज २२० होईल. पेट्रोल कुठेही गळलेलं नाही. बदललाय तो अंदाज.

पुण्याहून मुंबईला जाताना हे छान दिसतं. खंडाळ्याचा घाट उतरताना गाडी गिअरमध्ये असेल आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसेल, तर ईसीयू इंधन जवळपास बंदच करतो. मायलेज वर जातं, काही गाड्यांत रेंजही वाढते. परतताना खोपोलीहून वर चढताना हीच रेंज भराभर खाली येते.

भर म्हणजे टाकीतलं इंधन मोजणारा सेन्सर बहुतेक गाड्यांत तरंगत्या फ्लोटवर चालतो. चढ-उतारावर किंवा वळणावर इंधन एका बाजूला सरकतं आणि फ्लोटही हलतो. काटा सारखा नाचू नये म्हणून सॉफ्टवेअर हा बदल हळूहळू दाखवतं.

रेंज शून्य झाली म्हणजे टाकी रिकामी?

बहुतेक वेळा नाही. कंपन्या थोडं इंधन हाताशी ठेवूनच शून्य दाखवतात. पण किती, हे प्रत्येक मॉडेलमध्ये वेगळं असतं. काही गाड्या ठरावीक पातळीखाली आकडा दाखवणंच बंद करतात आणि त्या जागी नुसत्या रेघा येतात. त्यामुळे मित्राची गाडी शून्यावर ४० किमी चालली म्हणून आपलीही चालेल, असं नाही. इंधन पूर्ण संपवणं गाडीलाही घातक असतं. पेट्रोल गाडीतला पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो. डिझेल गाडीच्या पाइपमध्ये हवा शिरली तर नुसतं डिझेल टाकून ती लगेच सुरू होईलच असं नाही.

इलेक्ट्रिक गाड्यांचं काय?

तिथे हा आकडा आणखी महत्त्वाचा, कारण चार्जर वाटेत हवा तेव्हा सापडत नाही. २०२३ च्या जुलैमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने टेस्लाबद्दल एक शोधवृत्त दिलं. कंपनीने काही वर्षांपूर्वी रेंजचा हिशोब असा लिहिला होता की बॅटरी भरलेली असताना स्क्रीनवर जास्त रेंज दिसावी, आणि बॅटरी निम्म्याखाली गेली की आकडा वास्तवाच्या जवळ यावा, असं सूत्रांच्या हवाल्याने त्यात म्हटलं होतं. त्याच वर्षी जानेवारीत दक्षिण कोरियाच्या नियामकाने थंडीत रेंज घटते हे ग्राहकांना नीट न सांगितल्याबद्दल टेस्लाला सुमारे २८५ कोटी वॉनचा दंड केला होता.

भारतात टाटा मोटर्ससारखी कंपनी आता दोन आकडे देते. नेक्सॉन ईव्हीच्या ४५ किलोवॅट-तास बॅटरीच्या मॉडेलची चाचणीतली रेंज ४८९ किमी, आणि रस्त्यावर अपेक्षित रेंज ३५० ते ३७० किमी. दोन्हींतला फरक १०० किमीहून जास्त आहे.

ई२० च्या वादात स्क्रीनशॉट पुरावा ठरतो का?

इथेच खरी अडचण आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. म्हणजे ई२० ने मायलेज थोडं घटणार, हे उघड आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच निव्वळ पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये ६ ते ७ टक्के घट सांगितली होती. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम मंत्रालयाने ही घट ई१० साठी बनवलेल्या आणि ई२० साठी जुळवलेल्या चारचाकींमध्ये १ ते २ टक्के, तर इतर गाड्यांमध्ये सुमारे ३ ते ६ टक्के असल्याचं म्हटलं.

आता हे आकडे स्क्रीनच्या चुकीशेजारी ठेवून बघा. १५ चं मायलेज देणाऱ्या गाडीत ३ टक्के घट म्हणजे अर्ध्या किलोमीटरहूनही कमी. स्क्रीनची चूक ५ टक्के असेल तर ती पाऊण किलोमीटर. म्हणजे ज्या गोष्टीवर वाद आहे, ती मोजणाऱ्या फूटपट्टीच्या चुकीपेक्षाही लहान असू शकते. त्यात एसी, पावसाळा, ट्रॅफिक आणि टायरमधली हवा यांनी होणारा फरक वेगळाच. म्हणून एका स्क्रीनशॉटवरून मायलेज घटलं हे सिद्ध होत नाही. पण घटलं नाही, हेही सिद्ध होत नाही.

मोबाइलवरच्या ओबीडी अ‍ॅपवर विसंबणाऱ्यांनी तर जास्तच सावध राहावं. अशी अनेक अ‍ॅप इंजिनात गेलेल्या हवेवरून इंधनाचा हिशोब करतात आणि एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते असं धरतात. ई२० साठी हे प्रमाण साधारण १३.५ आहे. अ‍ॅपमध्ये हा बदल केला नसेल, तर ते लागलेलं इंधन कमी धरणार आणि मायलेज फुगवून दाखवणार.

इथेनॉल नसलेल्या पेट्रोलचा पर्याय मिळावा अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. पंपावर निवड करायला वाव उरला नसेल, तर निदान आपली गाडी खरंच किती पेट्रोल पिते हे ग्राहकाला नीट माहीत असायला हवं.

मग खरं मायलेज काढायचं कसं?

पद्धत जुनीच आहे, टाकी फुल टू टाकी फुल.

• नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा. त्यानंतर ‘राउंड फिगर’साठी आणखी पेट्रोल टाकू नका.
• ट्रिप मीटर आणि स्क्रीनवरचं सरासरी मायलेज, दोन्ही शून्य करा.
• निम्म्याहून जास्त टाकी संपेपर्यंत नेहमीसारखी गाडी चालवा.
• शक्यतो त्याच पंपावर, त्याच पद्धतीने पुन्हा टाकी भरा. बिलावरचे लिटर लिहून ठेवा.
• किलोमीटरला लिटरने भागा. ४८६ किमीला ३२.४ लिटर लागले, तर मायलेज १५. स्क्रीन १५.८ दाखवत असेल, तर ती सुमारे ५ टक्के वाढवून सांगतेय.

हे एकदा करून भागत नाही. तीन-चार टाक्यांची सरासरी घ्या. पंपाच्या मापावर शंका असेल तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. या मापात २५ मिलीपर्यंतचा फरक चालतो.

एकदा आपल्या स्क्रीनची चूक कळली की तीच स्क्रीन कामाची ठरते. एकाच गाडीत ही चूक सहसा एकाच दिशेने आणि जवळपास तेवढीच राहते. त्यामुळे या महिन्याचा आकडा मागच्या महिन्याशी ताडून बघता येतो, फक्त रस्ता आणि हवामान साधारण सारखं हवं. शेजाऱ्याच्या स्क्रीनशी मात्र त्याची तुलना नको. आणि रेंज ५० च्या खाली आली असेल, तर हिशोब बाजूला ठेवून पुढचा पंप गाठलेला बरा.