संगणक किती वेगवान? आधी अटी सांगा!



प्रयोगशाळेत तुम्ही साध्या लंबकाचा दोलनकाल मोजता. समजा, एखाद्याने प्रयोगवहीत नुसते लिहिले, ‘दोलनकाल १.४ सेकंद’, लंबकाची लांबी मात्र लिहिलीच नाही. तुमचे गुरुजी काय करतील? वही परत देतील, आणि ते योग्यच होईल. लांबी ५० सेंटीमीटर होती हे कळल्यावाचून १.४ या आकड्याला काही अर्थ नाही.

संगणकाच्या वेगाचे आकडे मात्र आपण असेच, अटींवाचून, स्वीकारतो. अमुक यंत्र तमुक यंत्राच्या दीडपट वेगवान आहे असे जाहिरातीत वाचतो आणि मान डोलावतो. माझे मत असे की, हा आकडाही त्या प्रयोगवहीसारखाच परत पाठवायला हवा. का, ते पाहू.

वेग मोजायचा म्हणजे संगणकाला एक ठरावीक आज्ञावली चालवायला द्यायची आणि लागलेला वेळ मोजायचा. अशा कसोटीच्या आज्ञावलीला बेंचमार्क म्हणतात. पण सी भाषेत लिहिलेली आज्ञावली यंत्राला थेट समजत नाही. कंपायलर तिचे यंत्रभाषेत भाषांतर करतो आणि निरनिराळ्या फाइलींतले भाषांतरित तुकडे लिंकर एकत्र जोडतो. म्हणजे घड्याळ जे मोजते, तो एकट्या यंत्राचा वेग नव्हेच. यंत्र आणि त्याचा भाषांतरकार या जोडीचा तो वेग असतो.

आणि हा भाषांतरकार तुम्ही सांगाल तसे काम करतो. जीसीसी हा मोफत मिळणारा कंपायलर घ्या. त्याला ‘ओ-०’ हा पर्याय दिला, तर तो जवळजवळ शब्दशः भाषांतर करतो. ‘ओ-२’ दिला, तर अनावश्यक पायऱ्या गाळून, पुन्हा पुन्हा होणारी कामे एकदाच करून भाषांतर आटोपशीर बनवतो. शाळेत संगणक असेल तर स्वतःच करून पाहा. १ पासून १०० कोटींपर्यंतच्या संख्यांची एकेक करून बेरीज करणारी आज्ञावली सी भाषेत लिहा, पण उत्तर छापू नका. ‘ओ-०’ने वेळ लागलेला जाणवेल, ‘ओ-२’ने आज्ञावली सुरू होताच संपेल. यंत्र तेच, मग जादू कसली? उत्तर कोणी वापरतच नाही हे ओळखून कंपायलरने बेरीजच गाळून टाकली! न केलेल्या कामाचा वेग तुम्ही मोजलात.

दुसरा एक पर्याय आहे ‘फास्ट-मॅथ’. त्याने कंपायलरला दशांश संख्यांच्या बेरजांचा क्रम बदलण्याची मोकळीक मिळते. कागदावर क्रम बदलल्याने काही बिघडत नाही. संगणक मात्र ठरावीक अंकच जवळ ठेवतो. एकावर १६ शून्ये अशी संख्या घ्या, तिच्यात १ मिळवा आणि मग तीच मोठी संख्या वजा करा. नेहमीच्या ६४ बिटांच्या दशांश पद्धतीत उत्तर येते ०! आधी वजा करून मग १ मिळवला, तर येते १. तेव्हा या पर्यायाने वेग वाढला तरी उत्तर बदलू शकते. असा वेग सांगताना पर्याय लपवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

लिंकरचीही गोष्ट ऐका. राइनहोल्ड वायकर यांनी १९८४ साली ‘ड्राइस्टोन’ ही प्रसिद्ध कसोटी तयार केली. तिच्या १९८८ च्या आवृत्तीबरोबर त्यांनी नियम घालून दिला : आज्ञावलीच्या दोन फाइलींचे भाषांतर स्वतंत्रपणे करावे आणि एका कार्याचा मजकूर दुसऱ्यात मिसळू नये. पुढे जोडणीच्या वेळी सर्व फाइली एकत्र पाहून सुधारणा करण्याची सोय आली. जीसीसीत ती २०१० साली आली. सोय उत्तम आहे. पण ती ड्राइस्टोनला लावली तर तो नियम मोडतो, आणि तो आकडा नियम पाळून काढलेल्या आकड्याशेजारी मांडता येत नाही.

संगणकांच्या कसोट्या ठरवण्यासाठी १९८८ साली ‘स्पेक’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या पहिल्या संचात ‘मॅट्रिक्स-३००’ ही आज्ञावली होती. तिचा जवळजवळ सर्व वेळ एकाच ओळीत जाई. नव्या कंपायलरने त्या ओळीवरील आकडेमोड छोट्या छोट्या चौकटींत वाटून दिली आणि वेग सुमारे नऊपट झाला! यंत्र काही नऊपट चांगले झाले नव्हते. १९९२ च्या संचातून ही आज्ञावली काढून टाकावी लागली.

यावर कोणी म्हणेल, ‘चांगला कंपायलर वापरला यात गुन्हा काय?’ काहीच नाही. चौकटींची ती युक्ती अस्सल आहे आणि इतर अनेक आज्ञावल्यांच्या उपयोगी पडते. प्रश्न वेगळाच आहे. गणिताची रीत शिकून गुण मिळवणे निराळे आणि प्रश्नपत्रिका आधी पाहून उत्तरे पाठ करणे निराळे. २०२४ साली स्पेकने नेमका हाच फरक केला. इंटेलच्या कंपायलरची काही सुधारणा एका कसोटीच्या आज्ञावलीची आणि तिच्या माहितीची आधीच ओळख असल्यावर बेतलेली आहे, असे ठरवून तिने २६०० हून अधिक निकालांवर तसा शेरा मारला.

स्पेकचे नियम मला म्हणूनच अनुकरणीय वाटतात. वापरलेला प्रत्येक पर्याय निकालासोबत जाहीर करावा लागतो. ‘बेस’ निकालात एका भाषेतील सर्व आज्ञावल्यांना तेच पर्याय द्यावे लागतात. ‘पीक’ निकालात प्रत्येक आज्ञावलीसाठी निराळे पर्याय चालतात, पण तो आकडा वेगळा दाखवला जातो. आपण रोज एकेका आज्ञावलीसाठी पर्याय शोधत बसत नाही. तेव्हा सामान्य माणसाने ‘बेस’चाच आकडा आधी पाहावा.

शिक्षकांना एक विनंती आहे. संगणकाच्या तासाला आज्ञावलीचा वेळ मोजायला सांगाल, तेव्हा वहीत चार रकाने आखायला लावा : यंत्र कोणते, कंपायलर व त्याची आवृत्ती, दिलेले पर्याय, आणि शेवटी वेळ. एकदा मोजून थांबू नका, पाच वेळा मोजा आणि उत्तर बरोबर आले का तेही तपासा.

आणि मित्रहो, पुढच्या वेळी कोणी ‘दीडपट वेगवान’ म्हणाला की नम्रपणे विचारा, ‘कोणत्या आज्ञावलीवर? कोणत्या पर्यायांनी?’ उत्तर मिळाले तर वहीत लिहून घ्या. मिळाले नाही, तर लांबी न लिहिलेला तो लंबक आठवा!