एस्टोनियाची झेप आणि आपला जालना

बाल्टिक समुद्राकाठच्या एस्टोनियाची लोकसंख्या जेमतेम तेरा-चौदा लाख. आपल्या जालना जिल्ह्याची २०११च्या जनगणनेतच साडेएकोणीस लाखांवर! १९९१मध्ये सोव्हिएत जोखडातून मुक्त झालेल्या या चिमुकल्या राष्ट्राने १९९६मध्ये ‘व्याघ्रझेप’ योजना आखली. संगणक आणि महाजाल प्रथम नेले ते शाळांत, सोबत शिक्षकांना प्रशिक्षणही दिले. २००५मध्ये तेथील नागरिक महाजालावरून मतदान करू लागले. आपल्याकडे ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याच्या योजनेस २०११मध्ये मान्यता मिळाली. परंतु तो तंतू पंचायतीच्या भिंतीपाशीच थांबला, तर मंठा-जाफराबादच्या विद्यार्थ्यास त्याचा काय उपयोग? बियाणे व पोलाद यांत देशभर नाव मिळविलेल्या जालन्याने जिल्हा परिषदेच्या शिक्षकांपासून आरंभ करावा. त्यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही.