'लाडकी बहीण'च्या यादीतून नाव कापणारा नियम कसा चालतो?
जून 2025 पासून 'लाडकी बहीण'च्या 26.34 लाख लाभार्थींचे पैसे थांबवले, असे मंत्री अदिती तटकरे यांनी सांगितले होते. ही नावे निघाली ती सरकारी खात्यांच्या याद्या एकमेकींशी जुळवून. त्यासाठी संगणकाला नियम द्यावा लागतो: वय 21 ते 65 च्या बाहेर, किंवा कुटुंबात चारचाकी, तर नाव बाजूला काढ.

खरी गोम तपशिलात आहे. योजनेत चारचाकीतून ट्रॅक्टर वगळलाय. ही एक अट नियमात घालायची राहिली, तर उमरेडसारख्या तालुक्यात शेतकऱ्यांच्या घरातल्या बायका उगाच बाहेर पडतील.

कुटुंबाचे कोडे त्याहून अवघड. शासन निर्णयानुसार कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले. रेशनकार्डावर मात्र सासू-सासरे, दीर, जावा असे सगळेच असू शकतात. रेशनकार्ड म्हणजेच कुटुंब असे धरले, की दिराची गाडी वहिनीच्या खात्यावर मोजली जाते! फेब्रुवारी 2025 मध्ये गाड्यांच्या पडताळणीसाठी अंगणवाडी सेविकांना घरोघरी पाठवले गेले. नुसत्या संगणकावर हे भागणारे नव्हतेच.

नाव कापले गेले असेल, तर 'मी अपात्र का?' एवढेच विचारून थांबू नका. कोणता नियम लागला आणि कोणत्या यादीवरून, हे विचारा.