चंद्र दिसला नाही तरी

रमजानचा एकोणतिसावा रोजा सुटला की गावातल्या नजरा आकाशाकडे लागतात. उद्या ईद की आणखी एक रोजा, हे त्या घडीला कुणालाच ठाऊक नसते. तरीही घबराट नसते. महिना २९ किंवा ३० दिवसांचा, तिसरी शक्यता नाही. निर्णय मगरिबच्या नमाजनंतर कळणार, तो हिलाल कमिटी सांगणार आणि चंद्र नाहीच दिसला तर तीस रोजे पूर्ण करायचे, हे सगळ्यांना आधीच माहीत असते. काय होणार ते माहीत नाही; पण कधी कळेल, कोण सांगेल आणि तोवर काय करायचे, ते मात्र ठरलेले आहे.

घरून काम करणाऱ्यांची टीम सांभाळणाऱ्या मॅनेजरांनी ही रीत उचलावी, असे मला वाटते.

आमच्या कॉलेजातून शिकून गेलेली कितीतरी मुले-मुली आज इथे घरात बसून पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचे काम करतात. नोकरकपातीची कुजबुज सुरू झाली की ऑफिसातला माणूस निदान चहाच्या टपरीवर मन मोकळे करतो. घरी बसलेल्याला ती टपरीही नाही. वरून दोन दिवस मेसेज आला नाही, तर तो त्या शांततेचाच अर्थ लावत बसतो आणि अर्थ नेहमी वाईटच लागतो.

मॅनेजर म्हणतात, वरचे काही ठरलेले नसताना आम्ही काय सांगणार? अर्धवट सांगितले तर अफवा पसरते. हे खरेच आहे. पण न ठरलेले सांगा, असे कुणी म्हणत नाही. ‘दर सोमवारी चार वाजता मी बोलेन, नवे काही नसले तरी बोलेन,’ एवढे कुणालाही सांगता येते. मात्र मग सोमवार चुकवायचा नाही. बातमी वाईट असली तरी ती वेळेवर कळलेली बरी. घराचा हप्ता, मुलांची फी यांचा हिशेब मांडायला माणसाला चार दिवस मिळतात.

दुसरी गोष्ट विचारपूस. अंतरामुळे माणूस दिसत नाही. नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा साधारण पंचवीस मिनिटे आधी मावळतो. मुंबईच्या मॅनेजरने संध्याकाळी मीटिंग लावली, तर नागपूरच्या रोजेदाराची इफ्तार त्यातच येते. एरवी तो सहज म्हणेल, ‘सर, दहा मिनिटे द्या.’ नोकरीची धास्ती असेल तर म्हणणार नाही. कॅमेरा बंद करून खजूर तोंडात टाकेल. त्याच मीटिंगमध्ये कुणाचे वडील दवाखान्यात असतील, कुणाच्या लेकीची दुसऱ्या दिवशी दहावीची परीक्षा असेल. तेही बोलणार नाहीत. म्हणून विचारायचे मॅनेजरनेच, आणि चारचौघांत नाही, एकेकाला फोन करून. ‘काम कुठवर आले’ हा प्रश्न त्या फोनमध्ये नसावा.

२०२० ची टाळेबंदी आठवा. मशिदी, ईदगाह बंद, तरावीह घरात. २३ मे रोजी चंद्र दिसला नाही, २४ ला तिसावा रोजा झाला आणि २५ मे रोजी आपल्याकडे घराघरांत ईदची नमाज झाली. सगळे वेगवेगळ्या छपरांखाली होते, पण कुणालाही आपण एकटे पडलो असे वाटले नाही, कारण सांगावा सगळ्यांपर्यंत एकाच वेळी आणि एकसारखाच पोहोचत होता.

टीम विस्कटते ती अंतरामुळे नव्हे. काहींना आधी कळते, काहींना उशिरा आणि काहींना बाहेरून कळते, तेव्हा ती विस्कटते. उद्या काय होईल, हे कोणत्याही मॅनेजरच्या हातात नाही. ठरल्या वेळी फोन करणे मात्र त्याच्याच हातात आहे.